साडेतीनशेचा डबा

१६ जून, सोमवार

अमरेशचा निकाल परवा लागला. मार्क गेल्या वर्षीपेक्षा वाढले, पण सरकारी कॉलेजपर्यंत पोचले नाहीत. सुकन्याचा लातूरहून फोन आला. आणखी एक वर्ष तिथंच, म्हणाली. मी मोठ्या मनानं परवानगी दिली. तिनं मागितली नव्हती, पण दिली.

आपल्याकडची पद्धतच आहे. पोरगं नीटच्या क्लासला लातूरला, पोरामागे आई खोली घेऊन लातूरला, बाप नोकरीवर मागे. अमरेश अकरावीला गेला तेव्हापासून आमचं असंच चालू आहे. आमच्या कॉलेजातही विज्ञान शाखा आहे आणि मी तिथंच वरिष्ठ लिपिक आहे. पण आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांचीही पोरं लातूरलाच आहेत.

आज इष्टलिंगाची पूजा करताना एक विचार सुचला. पोरगं निराश झालं असणार. लहानपणी त्याला मालगाडीचं भारी वेड. गावी गेलो की उमरी स्टेशनवर माझ्या खांद्यावर बसून तासतासभर मालगाड्या बघायचा. तर दिवाळीपर्यंत हॉलमध्ये छोटं उमरी स्टेशन उभं करायचं. रूळ, इंजिन, मालगाडी. दिवाळीला दोघं घरी येतील आणि बघतच राहतील.

संकल्प: एक, खर्च हात राखून. दोन, सुकन्याला रोज फोन. तीन, फोनवर मालगाडीचा विषय काढायचा नाही.

१९ जून, गुरुवार

रूळ आणि इंजिन मागवलं. डब्यांपाशी अडलो.

मोबाइलवर दोन डबे बघितले. दोन्ही कोळशाचे, उघडे, तपकिरी. लांबी तीच, रंग तोच. एक साडेतीनशे रुपये, दुसरा चार हजार आठशे. फोटो मोठे करून बघितले. काही फरक नाही. दोघांतला एक नक्की फसवून राहिलाय.

समोरच्या घरातल्या धम्मानंदला दाखवलं. तो मालगाडीवर गार्ड आहे. म्हणाला, "अप्पा, मी दर ड्युटीला अख्खी मालगाडी घेऊन जातो. एका डब्याची किंमत कुणी मला इचारली न्हाई." वर म्हणाला, "पोरगं डॉक्टर व्हायला गेलंय आन् तुम्ही त्याच्यासाठी बाहुलीचा खेळ मांडून राहिलात."

त्याला कलेची समज नाही. खरी गाडी रोज बघून माणूस बोथट होतो.

२४ जून, मंगळवार

साडेतीनशेवाला आला. मागवायचाच होता, तुलनेसाठी.

देखणा आहे. शिडी मात्र शिडी नाही, प्लास्टिकवर उठवलेली रेघ आहे. चाकंही प्लास्टिकची. रुळावर ठेवला. सरळ छान गेला, वळणावर आडवा. पुन्हा ठेवला, पुन्हा आडवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला. वजनच नाही. दोष सापडला. आत ज्वारी भरली. आता वळणावरही उभा राहतो.

म्हणजे मूठभर ज्वारीत काम होतंय आणि लोक चार हजार आठशे देऊन राहिलेत.

२७ जून

रात्रीतून उंदरानं ज्वारी खाल्ली. डब्याचा एक कोपराही कुरतडला. डबा पुन्हा आडवा.

२ जुलै, बुधवार

सुकन्याचा फोन. मोठं पातेलं आणि वजनकाटा पाठवा म्हणाली. गल्लीतल्या चार मुली तिच्याकडं जेवायला येतात म्हणे. चांगलं आहे, तिचा वेळ जातो. एसटीच्या कंडक्टरच्या हाती पार्सल दिलं. काटा गेल्यामुळं डबे तोलायची अडचण झाली, पण मी बोललो नाही. संसारात थोडी झळ सोसावी लागते.

मी सहज म्हणालो, साडेतीनशेच्या डब्याचं वजन कमी भरतं. ती म्हणाली, "कसला डबा?" मी विषय बदलला. संकल्प तीन अजून शाबूत आहे.

८ जुलै, मंगळवार

हुशारी केली. तोच महागाचा डबा दुसऱ्या ठिकाणी तेराशेला मिळाला. आज आला.

काडेपेटीएवढा आहे. रुळावर बसतच नाही, चाकं रुळांच्या आत पडतात. नीट वाचलं तर माप वेगळं. म्हणजे डबा खरा आहे, बारीक कामाचा आहे, फक्त आपल्या रुळाचा नाही. परत घेत नाहीत. टीव्हीवर ठेवला. शोभून दिसतो.

आता डबे बंद. जे आहे त्यात भागवायचं.

१५ जुलै, मंगळवार

सिकंदराबादला एक गृहस्थ आहेत, भारतीय मालगाडीचे डबे हातानं बनवतात. तो चार हजार आठशेवाला त्यांचाच. फक्त चौकशीसाठी फोन केला. मी सरळ विचारलं, दिसायला सारखे, मग किमतीत एवढा फरक का? ते हसले. म्हणाले, "साब, सस्ता डब्बा देखने कू रैता, महंगा चलने कू." मग म्हणाले, "उप्पर से तो सब एकीच दिखते. नीचे का काम देखो."

खालचं काम कोण बघतं? रुळावर ठेवला की खालचं दिसतच नाही. असं मी म्हणालो. ते म्हणाले, "दिखता नै साब, लेकिन उसीच पे चलता."

बोलायला हुशार माणूस. धंदेवाईक. ऑर्डर दिली.

२१ जुलै, सोमवार

उपवास. मन शांत.

सुकन्यानं मिक्सर आणि शिलाई मशीन मागवून घेतली. मशीन बसमध्ये बसेना. धम्मानंदच्या ओळखीच्या टेम्पोत टाकली, तो अहमदपूरमार्गे लातूरला निघालाच होता. टेम्पोत मशीन चढवताना धम्मानंद मला म्हणाला, "अप्पा, तुमच्या घरातून एकाच बाजूला माल चाललाय. रिकामी गाडी कधी परत येती का न्हाई?" रेल्वेवाल्यांना सगळीकडं रेल्वेच दिसते.

मशीनच्या जागी कोपरा मोकळा झाला. तिथून दिवाणापर्यंत फळी टाकली. आता मालधक्का करता येईल. मुख्य रूळ दिवाणावर प्लायवूड टाकून बसवलाय, गोल. माझी झोप खाली चटईवर. पाठीला चांगलं असतं म्हणतात.

४ ऑगस्ट, श्रावण सोमवार

सासूबाई आल्या. गुरम्मा. उदगीरहून इथं नांदेडात लग्नाला आल्या होत्या, तशाच घरी. मी भात लावला होता. एक घास खाल्ला आणि कानडीत "साकु, साकु", पुरे पुरे, म्हणून हात आडवा धरला. त्यांचं वय झालंय, भूक कमी झालीय.

दिवाणावरची गाडी बघितली. मी एक फेरी चालवून दाखवली. साडेतीनशेवाला वळणावर पडला, मी उचलून ठेवला. त्या म्हणाल्या, "जावईबापू, लेकीनं तिकडं चूल मांडलीय. आता ती यायची न्हाई."

मी म्हणालो, श्रावणात कुणालाच सवड नसते.

त्या म्हणाल्या, "श्रावणाचं न्हाई म्हणून राहिले मी."

म्हणजे गणपतीलाही येणार नाही. ते मी धरलंच होतं. गणपतीत क्लासची टेस्ट सीरिज असते. दिवाळीचं ठरलेलं आहे.

जाताना त्यांनी माझ्या हातावर शंभराची नोट ठेवली, लहान पोराला ठेवतात तशी. जावयाचा मान म्हणून घेतली.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आला.

खोक्यात कागद, कागदात फोम, फोमात डबा. हातात घेतला आणि हात खाली गेला. वजन आहे. चाकं धातूची. शिडी खरी, तारेची, प्रत्येक पायरी वेगळी लावलेली. बाजूला बारीक अक्षरं, भिंगातून वाचली: क्षमता, रिकामं वजन, पुढची दुरुस्ती कधी. पुढचा डबा जोडायचा आकडा बोटानं उघडतो, मिटतो.

उलटा केला. खाली ब्रेकची नळी आहे, दांडे आहेत, त्यांना स्प्रिंगा आहेत. कुणाच्या नजरेला पडणार नाही तिथं एका माणसानं किती दिवस घालवलेत.

पूजेनंतर त्यालाही विभूतीचं बोट लावलं. मग रंग खराब होईल म्हणून पुसलं. पांढुरका डाग राहिला.

रुळावर ठेवला. बोटानं जरासा ढकलला फक्त. पूर्ण फेरी करून माझ्या हातापाशी आला.

किंमत रास्त आहे. पण कोणाला सांगायची गरज नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

लातूरला जाऊन आलो. अचानक. सुखद धक्का द्यावा म्हणून. डबा रुमालात गुंडाळून पिशवीत घेतला होता, मांडीवर, अख्ख्या प्रवासात.

खोली बदललीय. सांगायचं राहिलं असेल. आता खाली मोठी जागा आहे, दारावर पाटी: सुकन्या घरगुती मेस. चार मुली म्हणाली होती, चाळीस तरी पोरं-पोरी होती. सगळ्यांची ती काकू. दोन बायका पोळ्या लाटत होत्या आणि सुकन्या उभी राहून एका मुलीच्या कसल्याशा बोलण्यावर हसत होती. दाराबाहेरूनच ऐकू आलं. मी क्षणभर पाटी पुन्हा वाचली, दुसऱ्या कुणाच्या घरी आलो की काय म्हणून. धंद्यात लोकांसमोर हसावं लागतं.

मला बघून थांबली. "अहो, कळवायचं तरी." मग खुर्ची दिली. मला वेगळं ताट, पाण्याचा तांब्या, पाहुण्याला देतात तसा. बाकी सगळे रांगेत. मान राखते अजून. पोळी वाढताना विचारलं, "आणखी देऊ का?" अगदी तसंच, जसं शेजारच्या पोराला विचारलं.

अमरेश पुस्तकातून उठून आला. वाळलाय, उंच झालाय. मी रुमाल उघडला. त्यानं डबा हातात घेऊन फिरवला. "छान आहे, पप्पा. केवढ्याला?"

सुकन्या तिथंच उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, साडेतीनशे.

"मग ठीक," ती म्हणाली.

अमरेशला म्हणालो, ठेव तुझ्यापाशी, दिवाळीला घेऊन ये, गाडीला जोडू. तो बरं म्हणाला. शेवटची बस सुटेल म्हणून निघालो. सुटायला वेळ होता, पण तिथं सगळे कामात होते.

३१ ऑगस्ट, रविवार

अमरेशनं टेबलाचा फोटो पाठवला. नवीन टेबल-लॅम्प दाखवायला. लॅम्पशेजारी डबा आहे. डब्यात पेनं, हायलायटर, एक पट्टी. उघडा डबा असल्यामुळं सोयीचा.

मी लिहिलं, लॅम्प चांगला आहे.

साडेतीनशेच्या डब्यात पेनं ठेवली तर काय बिघडलं. डबा माल वाहायलाच असतो. धम्मानंदला फोटो दाखवला तर म्हणाला, "घ्या. तुमच्या मालगाडीला पहिलं भाडं मिळालं." पोट धरून हसला. मग माझ्याकडं बघून हसणं आवरलं आणि चहाला चला म्हणाला. तो चांगला माणूस आहे, फक्त चुकीच्या वेळी हसतो आणि चुकीच्या वेळी थांबतो.

१४ सप्टेंबर, रविवार

या महिन्यात सुकन्यानं गॅसचं कार्ड लातूरला बदलून घेतलं. आधारवरचा पत्ताही. मी सह्या केल्या. सोय बघावी लागते. कागदावरच्या पत्त्यानं माणूस हलत नाही.

आज फोनवर मूड चांगला होता म्हणून संकल्प तीन जरा बाजूला ठेवला. विचारलं, तुला काय वाटतं, दिसायला सारख्या दोन वस्तूंच्या किमतीत एवढा फरक का असतो?

ती म्हणाली, "अहो, पोरांचे बाप रोज हेच विचारतात. समोरच्या मेसमध्ये बावीसशे, तुमच्यात अठ्ठावीसशे, ताटात तर तेच वरण-भात-भाजी. मी म्हणते, महिनाभर खाऊन बघा. डाळ कुठली, तेल कितव्यांदा तापवलं, पोरगी तापानं पडली तर पेज कुणी नेली, हे ताटात दिसतंय व्हय?" मग म्हणाली, "दिसत न्हाई ते करायची मला लई वर्षांची सवय हाय. इथं त्याचे पैसे मिळतात, एवढंच."

मी डब्यांचं विचारत होतो. बायकांशी बोलताना विषय भरकटतो.

२ ऑक्टोबर, दसरा

उमरी स्टेशन जवळजवळ पूर्ण. पुठ्ठ्याची इमारत, पिवळी पाटी, तारेचं कडुलिंबाचं झाड. प्लॅटफॉर्मवर दोन माणसं उभी केलीत, मातीची. मोठ्याच्या खांद्यावर लहान. लहान सारखं पडतं. डिंक लावला.

१२ ऑक्टोबर, रविवार

आनंदाची बातमी! सुकन्याचा फोन: "पुढच्या रविवारी येतो आम्ही. टेम्पो घेऊन. दिवाण रिकामा करून ठेवा."

टेम्पो! म्हणजे सामानासकट. पातेलं, मशीन, मिक्सर, सगळं. पोरगं इथं राहूनच अभ्यास करणार असेल, आता ऑनलाइनही क्लास असतात. दिवाण रिकामा कशाला, तर आलेलं सामान ठेवायला. बाईमाणसाची दूरदृष्टी.

दिवाण मात्र आत्ता रिकामा करणार नाही. आधी स्टेशन बघू दे. मग तीच म्हणेल, राहू द्या.

धम्मानंदला सांगितलं. त्याची बायको विशाखा वहिनी दारात होत्या, त्या आत निघून गेल्या. धम्मानंद म्हणाला, "अप्पा, टेम्पो भरून येतोय का रिकामा, हे इचारलं का?" असलं कोणी विचारतं का? तो म्हणाला, "हाव, तेही खरं. रविवारी माझी सुट्टी हाय. हात लावायला येतो."

१८ ऑक्टोबर, शनिवार

घर धुतलं. दोन माणसांचं वाढीव दूध सांगितलं. उशांचे अभ्रे बदलले. पूजेत महादेवाला काही मागितलं नाही. मिळालेलं असताना मागू नये.

१९ ऑक्टोबर, रविवार

टेम्पो रिकामा आला.

ड्रायव्हर खाली उतरलाच नाही, गाडी उलटी करून दाराला लावली. सुकन्या आत आली, दिवाणाकडं बघितलं. "रिकामा करा म्हणाले होते ना. मेसमधल्या मावशींना रात्री टेकायला जागा न्हाई." कपाटही न्यायचं होतं. मी म्हणालो, एक फेरी बघा फक्त. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. अमरेश म्हणाला, "मम्मी, थांब. बघू दे."

चालवली. इंजिनामागे साडेतीनशेवाला. वळणावर पडला. मी उचलायच्या आधी अमरेशनं उचलून ठेवला. गाडी स्टेशनात आली, थांबली. सुकन्या मातीच्या दोन माणसांकडं बघत होती. "चांगलं केलंय," म्हणाली. खरंच म्हणाली. मग म्हणाली, "आता काढा."

रूळ मी काढले. प्लायवूड अमरेश आणि धम्मानंदनं भिंतीला लावलं. दिवाण गेला, कपाट गेलं. देव सोडून गेली. "देव तुमच्याजवळच राहू द्या, तुम्ही नेमानं करता."

मी विचारलं, परत कधी?

ती पदरानं हात पुसत होती. "अहो, मी आहे की तिथं. कुठं पळून गेले न्हाई. वाटलं तर येत जा जेवायला." स्वयंपाकघरात एकदा डोकावली. "ज्वारीच्या पिठाला जाळी धरलीय. चाळून घ्या." टेम्पोत पुढं जाऊन बसली.

अमरेशनं पाठीवरच्या बॅगेतून डबा काढला. हळू बोलला. "पप्पा, नेटवर बघितला मी. चार हजार आठशे. मम्मीला सांगितलं न्हाई." मी म्हणालो, तुलाच आणला होता, तुला मालगाडीचं वेड म्हणून. तो हसला, लहानपणी हसायचा तसा. "मला गाड्यांचं काय न्हाई हो, पप्पा. तुम्ही एरवी घरात असलात तरी नसल्यासारखेच असायचात. स्टेशनवर गेलो की खांद्यावर घ्यायचात. म्हणून चला चला म्हणायचो."

डबा माझ्या हातात देऊन टेम्पोत मागं चढला, दिवाणावर बसला. तिथून हात केला.

धम्मानंद बराच वेळ माझ्याशेजारी दारात उभा राहिला. आज त्यानं रेल्वेचं काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

२२ ऑक्टोबर, पाडवा

पीठ चाळलं. भाकरी केली. फाटली. खाल्ली.

विशाखा वहिनींनी फराळाचं ताट पाठवलं. वाढीव दूध बंद करायचं राहून गेलं, आजही जास्तीचं आलं.

डब्यात अमरेशचं एक पेन राहिलंय. त्यानंच हे लिहून राहिलो. चांगलं चालतं.

हॉल रिकामा. दोन्ही डबे फरशीवर ठेवून सारखाच धक्का दिला. साडेतीनशेवाला हातभर गेला आणि थांबला. दुसरा दारापासून निघाला तो आवाज न करता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला जाऊन टेकला. म्हणजे फरक हाच. महागाचा डबा एकदा निघाला की मध्ये थांबत नाही.

आता दिवाणाची अडचण नाही, कपाटाची नाही. वळण घ्यायची गरजच उरली नाही. सरळ रूळ टाकला तर दारापासून थेट आतपर्यंत जाईल. उद्यापासून काम सुरू.

परत कसा आणायचा, ते बघावं लागेल.